केबलवाला आणि न मोजलेली घरं

'केबल टीव्ही कुणी मारला?' या प्रश्नाचं उत्तर आजकाल प्रत्येकाकडे तयार असतं. कुणी म्हणतं जिओनं, कुणी नेटफ्लिक्सनं, कुणी म्हणतं आता पोरंच टीव्हीसमोर बसत नाहीत. यातलं काहीच खोटं नाही. पण मला राहून राहून वाटतं की ही गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते, आणि तिचा संबंध मोजणीशी आहे. साधी मोजणी.. गल्लीत केबलची घरं किती? वीस-पंचवीस वर्षं या प्रश्नाचं खरं उत्तर फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो सांगत नव्हता. त्याच्या त्या न सांगण्यावर अख्खा धंदा उभा होता.

मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे मला जिकडेतिकडे टेबलं आणि रो दिसतात हे कबूल. पण दुसरंही एक कारण आहे. माझा मामा नाशिकला सिडकोत केबलवाला होता. तेव्हा यातली थोडी माहिती घरची आहे, थोडी वाचलेली.

आधी जरा मागे जाऊ. मुंबईत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासूनच काही इमारतींत 'केबल' आली होती. खाली कुणाच्या तरी खोलीत एक व्हीसीआर, तिथून जिन्यातून वर गेलेली वायर, आणि दिवसाला दोन पिक्चर. दूरदर्शन सोडून दुसरं काही नसलेल्या काळात तेवढंही पुष्कळ होतं. मग जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं, सीएनएनवर ते घरबसल्या दिसतं हे मोठ्या हॉटेलांमधून लोकांना कळलं आणि गच्च्यांवर छत्र्या उगवायला लागल्या. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीची चॅनलं सुरू झाली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, आणि मग आपल्या भाषेतल्या नाही तरी आपल्या ओळखीच्या भाषेतल्या मालिका दिसू लागल्या. मराठीला अल्फा मराठीसाठी १९९९ पर्यंत थांबावं लागलं.

गंमत अशी की हे सगळं आकाशातून येत होतं, पण प्रत्येक घरानं स्वतःची दहा-बारा फुटी छत्री घेणं शक्य नव्हतं. मधे कुणीतरी हवा होता. तो मधला माणूस सरकारनं नेमला नाही, कुठल्या कंपनीनंही नाही. सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या मामासारख्या माणसांनी पतपेढीचं कर्ज काढून ते केलं. १९९३ मध्ये मामानं छत्री बसवली आणि वायर ओढायला घेतली. या गच्चीवरून त्या गच्चीवर, मधे विजेचा खांब, क्वचित एखादं अशोकाचं झाड. सिग्नल दूरवर नेताना क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर बूस्टर लागतो, आणि बूस्टरला वीज लागते. ती वीज कुणाच्या तरी घरातून घ्यायची आणि त्या बदल्यात त्या घराला केबल फुकट. पोलीस चौकीला फुकट, नगरसेवकाला फुकट, मंडळाच्या अध्यक्षाला फुकट. हे सगळं होऊन गेल्यावर सरकार जागं झालं. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम आणि १९९५ मध्ये कायदा आला, आणि केबलवाल्यांना मुख्य पोस्ट ऑफिसात नोंदणी करावी लागली. होय, पोस्टात!

आता जरा तांत्रिक. (फार नाही, घाबरू नका.) अ‍ॅनालॉग केबल म्हणजे मीटर नसलेला नळ. सगळी चॅनलं एकाच वायरीतून एकत्र वाहतात. घराघरात जो टीव्ही आहे तो त्यातलं हवं ते उचलतो. वायर एकाच दिशेनं बोलते. टीव्हीकडून उलट काहीच परत येत नाही. त्यामुळे वायरीच्या वरच्या टोकाला बसलेल्याला खाली दहा टीव्ही आहेत की दहा हजार, हे कळायला कुठलाच मार्ग नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग नाही, युजर आयडी नाही, काही नाही. जी काय यादी होती ती मामाच्या दोनशे पानी वहीत. महिन्याच्या एक ते दहा तारखेला पोरं वसुलीला जायची आणि वहीत टिक करायची.

सुरुवातीला चॅनलं फुकट होती, त्यामुळे मोजणीचा प्रश्नच नव्हता. नव्वदीच्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात एकेक चॅनल 'पे' व्हायला लागलं, क्रिकेटवाली आघाडीवर. म्हणजे दर घरामागे अमुक रुपये चॅनलवाल्याला द्यायचे. पण घरं किती, हे सांगणार कोण? केबलवालाच! याला 'डिक्लेरेशन' म्हणायचे. शंभर घरं असतील तर पंधरा-वीस सांगायची, असा साधारण रिवाज होता. चॅनलवाल्यालाही ते माहीत असायचं. मग दर वर्षी भांडण, 'आकडा वाढवा नाहीतर मॅचच्या आदल्या दिवशी चॅनल बंद', आणि शेवटी मधे कुठंतरी तडजोड.

मामाच्या एकाच वहीतून तीन वेगवेगळे आकडे निघायचे. चॅनलवाल्यासाठी सगळ्यात लहान. जिल्हाधिकारी कचेरीच्या करमणूक कर शाखेसाठी त्याहून थोडा वेगळा. आणि कुणी एरिया विकत घ्यायला आलं की तिसरा, म्हणजे पूर्ण खरा. कारण एरिया विकला जायचा तो पॉइंटांच्या हिशेबानं, दर पॉइंटला इतके हजार. मी एकदा त्याला विचारलं होतं, यातला खरा कुठला? तो म्हणाला, "ज्याच्याकडून पैसे घ्यायचे असतात त्याला सांगतो तो."

मामाच्या वर जे मोठे केबल नेटवर्क होते, सिटीकेबल, हॅथवे, इनकेबल वगैरे, ते नव्वदीच्या मध्यापासून छोट्यांना सिग्नल पुरवू लागले होते. त्यांच्याकडे आणखी एक चौथा आकडा असायचा. जुन्या टीव्हीत मोजकीच चॅनलं दिसायची, आणि त्यातही खालच्या बँडमधली स्वच्छ. अ‍ॅनालॉगमध्ये एक चॅनल सात-आठ मेगाहर्ट्झ जागा खातं, त्यामुळे जागा ठरलेली. न्यूज चॅनलांचं पेव फुटल्यावर चांगल्या जागेसाठी झुंबड उडाली आणि चॅनलवालेच केबलवाल्यांना पैसे द्यायला लागले. याला कॅरेज फी म्हणतात. म्हणजे पैसे देताना नेटवर्क सांगणार 'आमची घरं फार थोडी', आणि कॅरेज घेताना सांगणार 'आम्ही लाखो घरांत पोचतो'. एकाच कंपनीकडून, एकाच वर्षी.

यात लबाडी होती, हे उघड आहे. मामा माझा असला तरी ते झाकण्यात अर्थ नाही. आणि त्याची किंमत प्रेक्षकानंही मोजली, फक्त ती बिलात दिसली नाही. वर्गणीचा पैसा वरपर्यंत पोचत नव्हता म्हणून चॅनलं जाहिरातींवर जगली. जाहिराती टीआरपीवर मिळतात, आणि टीआरपी त्या काळात अख्ख्या देशात काही हजार घरांतल्या मीटरवरून ठरायचा. थोड्या लोकांना आवडणारं, पण ते मनापासून आवडणारं असं चॅनल चालवायचं तर वर्गणी लागते. ती नसल्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांसाठी तेच ते केलं. सासू-सुनांना आपण खूप शिव्या दिल्या, पण त्यांच्या मुळाशी गल्लीतल्या वह्या होत्या असं मला वाटतं.

पण दुसरी बाजूही आहे. त्या न मोजण्यातच केबलचा स्वस्तपणा होता. मामा झोपडपट्टीत पन्नास रुपये घ्यायचा आणि बंगल्यात अडीचशे, चॅनलं मात्र दोन्हीकडे तीच. पगार लांबला तर दोन महिने थांबायचा. कारखाना बंद पडलेल्या घराची वायर त्यानं वर्षभर कापली नव्हती. प्रत्येक घराला माणूस बघून भाव, याला अर्थशास्त्रात मोठं नाव आहे. मामाला ते माहीत नव्हतं. त्याला फक्त गल्ली माहीत होती.

मोजणीचा पहिला प्रयत्न २००३ मध्ये झाला. 'कॅस' आठवतंय? कंडिशनल अ‍ॅक्सेस. पे चॅनल हवी तर सेट टॉप बॉक्स घ्या. १ सप्टेंबर २००३ ला ते चेन्नईत लागू झालं, बाकी महानगरांत ढकललं गेलं. मग जानेवारी २००४ मध्ये टीव्हीचं नियमन ट्रायकडे आलं आणि ट्रायनं २६ डिसेंबर २००३ चे दर गोठवून टाकले. अखेर ३१ डिसेंबर २००६ ला मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या ठरावीक भागांत कॅस आलं. फुकट चॅनलांसाठी ७७ रुपये, प्रत्येक पे चॅनलला ५ रुपये, आणि त्या पाचाची वाटणी ४५ टक्के चॅनलवाल्याला, ३० टक्के मोठ्या नेटवर्कला, २५ टक्के गल्लीतल्या माणसाला. दरम्यान डीटीएच आलं होतं (डिश टीव्ही २००३, टाटा स्काय २००६). तिथं पहिल्या दिवसापासून प्रत्येक ग्राहक मोजलेला होता. पण मामा निवांत होता. पावसाळ्यात डीटीएच बंद पडलं की लोक त्याच्याकडे परत यायचे.

खरा घाव २०११ च्या कायदादुरुस्तीनं घातला. अ‍ॅनालॉग बंद, सगळीकडे डिजिटल, आणि घराघरात बॉक्स. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२, नाशिक-पुण्यासह ३८ शहरांत ३१ मार्च २०१३, आणि मग टप्प्याटप्प्यानं ३१ मार्च २०१७ पर्यंत उरलेला देश. प्रत्येक बॉक्सला क्रमांक असतो, आणि वरच्या सर्व्हरनं त्या क्रमांकाला परवानगी दिल्याशिवाय चित्र दिसत नाही. नळाला मीटर बसलं, आणि तोटीही वरून बंद करायची सोय झाली.

त्या वर्षी मी होळीच्या सुट्टीत नाशिकला होतो. मामाची पोरं घरोघर जाऊन फॉर्म भरून आणत होती. नाव, पत्ता, फोन, बॉक्सचा क्रमांक, ओळखपत्राची झेरॉक्स. रात्री बैठकीच्या खोलीत फॉर्मचे गठ्ठे लावायचे, मामी त्यावर अनुक्रमांक टाकायची, आणि सकाळी एक माणूस येऊन गठ्ठे वरच्या नेटवर्कच्या ऑफिसात घेऊन जायचा. मी ते बघत होतो आणि माझ्या धंद्यामुळे मला त्यात एकच गोष्ट दिसत होती.. डेटा मायग्रेशन. वीस वर्षांची वही एका सर्व्हरवर चढत होती, आणि तो सर्व्हर मामाचा नव्हता. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "अरे, पण वसुलीला जाणार तर आपणच ना?"

तांत्रिकदृष्ट्या डिजिटल सरस होतं यात वाद नाही. ज्या जागेत एक अ‍ॅनालॉग चॅनल मावायचं तिथं आता दहा-पंधरा मावायला लागली. पण त्यामुळे जागेची टंचाई गेली, आणि टंचाईवर जगणारी कॅरेज फीही आटत गेली. मोठ्या नेटवर्कांनी बॉक्सांसाठी कर्ज काढलं होतं, तेव्हा त्यांनीही खालच्यांकडून वसुली घट्ट केली.

मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धती आली. 'हवं तेच चॅनल घ्या, तेवढेच पैसे द्या.' कल्पना छान. हिशेब करून बघू. समजा एका घराचं १३० रुपये नेटवर्क भाडं आणि १५० रुपयांची पे चॅनलं, एकूण २८०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ग्राहक देतो ३३० रुपये ४० पैसे. वेगळा करार नसेल तर १३० मधले ४५ टक्के गल्लीतल्या केबलवाल्याचे, म्हणजे साडेअठ्ठावन्न. पे चॅनलांच्या दीडशेवर वितरकांना किमान २० टक्के, म्हणजे ३० रुपये. त्यातले पुन्हा ४५ टक्के याचे, साडेतेरा. एकूण ७२ रुपये. त्यात पोरांचा पगार, तुटलेली वायर, जळलेला बूस्टर. पूर्वी अडीचशे घेऊन त्यातले बहुतेक खिशात राहायचे, आता तीनशे तीस गोळा करून बहात्तर. आणि शिव्या खायला तोच, कारण दारात तोच उभा. बिल का वाढलं, हे लोक दिल्लीला थोडंच विचारणार?

आता बाजारात काय चाललं होतं ते बघा. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं आणि मोबाईलवरचा डेटा जवळजवळ फुकट झाला. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क विकले गेले, त्यात टीव्हीसाठी २३,५७५ कोटी आणि डिजिटलच्या मुख्य हक्कांसाठी २०,५०० कोटी. म्हणजे टीव्ही आणि मोबाईल जवळपास बरोबरीला. २०२३ मध्ये मोबाईलवरची आयपीएल फुकट दाखवली गेली, आणि केबलवर त्याच मॅचला पैसे! वरच्या थरातली घरं अशी निसटली. खालच्या थरातली दूरदर्शनच्या फ्री डिशकडे गेली. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला एकदा छत्री-बॉक्स घेतला की महिन्याचं बिलच नाही. केबल मधल्या मधे चिरडली. केबल नेटवर्कांच्या संघटनेनं ईवायबरोबर २०२५ मध्ये काढलेल्या अहवालानुसार देशातली पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. ज्या डीटीएचनं केबल खाल्ली असं आपण म्हणायचो, तेही २०२० मधल्या सात कोटींवरून २०२५ मध्ये ५.७ कोटींच्या आसपास उतरलं.

इथं कुणी विचारेल, की वायर तर घरात होतीच, मग केबलवाल्यानं त्यातूनच इंटरनेट का दिलं नाही? अमेरिकेत तसंच झालं. कॉमकास्टचे इंटरनेटचे ग्राहक २०१५ मध्येच टीव्हीच्या ग्राहकांपेक्षा जास्त झाले. टीव्ही घटला तरी वायर कमावत राहिली. आपल्याकडची वायर मात्र झाडावरून टाकलेली, एकेरी, बूस्टरागणिक घसरणारी. दुतर्फा करायची तर जवळजवळ नवी टाकावी लागते, आणि साडेसातशे-आठशे घरांच्या मालकाकडे तेवढं भांडवल नसतं. मोठ्यांकडे होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रणाचा हिस्सा घेण्याची घोषणा केली, ती काही सासू-सुनांच्या प्रेमापोटी नव्हे. घरापर्यंत पोचलेली वायर आणि घराची नोंद, दोन्ही त्यात मिळत होतं.

तरी हे असंच होणार होतं असं मी म्हणणार नाही, कारण केरळात वेगळं झालं. तिथल्या छोट्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली. तिचं नाव केरळा व्हिजन. डिजिटल आलं तेव्हा बॉक्स त्यांचा, सर्व्हर त्यांचा, ग्राहकांची यादी त्यांची. त्याच यादीवर त्यांनी फायबरचं इंटरनेट विकलं, आणि आज ती कंपनी देशातल्या मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांत मोजली जाते. तिथले केबलवाले काही जास्त प्रामाणिक होते अशातला भाग नाही. मोजणी होणारच आहे तर वही आपल्याच घरात ठेवू, एवढं त्यांना वेळेत सुचलं. आपल्याकडे शेजारचा केबलवाला म्हणजे रात्री वायर कापणारा शत्रू. त्याच्याबरोबर कंपनी कोण काढणार?

मामानं २०२१ मध्ये एरिया विकायला काढला. लॉकडाऊनमध्ये वसुली बुडाली होती, गुडघे दुखत होते, आणि मुलगा नोकरीसाठी पुण्यात. गिऱ्हाईक आलं, चहा झाला. मामानं आकडा सांगितला, सवयीनं तिसरा, पूर्ण खरा. समोरच्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यावर बघून मामाला त्याचाच आकडा सांगितला. चालू बॉक्स इतके, बंद इतके, गेल्या महिन्यात रिचार्ज न केलेले इतके. अगदी बरोबर होता. मग म्हणाला, "काका, बॉक्स कंपनीचे, ग्राहक कंपनीकडे. तुमची वायर तेवढी राहते, आणि ती तर मला काढूनच टाकायचीय."

शेवटी सौदा झाला. पैसे आले ते पॉइंटांचे नव्हते, खांबांवरून जायच्या वाटेचे होते. कुठल्या गच्चीवर कोण वायर टाकू देतो, कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलायचं, कुठल्या घरातून वीज मिळेल. हे कुठल्याच सर्व्हरवर नव्हतं. मामाकडची दोन पोरं त्या नव्या माणसाकडे लागली आणि आता फायबर ओढतात. मामा अधूनमधून त्यांच्याबरोबर जातो, रस्ता दाखवायला. त्याचे पैसे तो घेत नाही. घ्यावेत असं मी सांगून थकलो.